बंद झालेली मालिका आणि प्रेक्षकाचा लोभ

दूरचित्रवाणीवरची विनोदी मालिका बंद होते ती वाहिनीच्या हिशेबाने. जाहिरातींचे उत्पन्न घटते, लेखकाजवळचा ऐवज सरत येतो, कलावंतांच्या तारखा जुळेनाशा होतात किंवा त्या वेळेवर दुसरा कार्यक्रम आणायचे ठरते, आणि मालिकेचा शेवटचा भाग प्रक्षेपित होतो. प्रेक्षकाच्या मनातला तिचा कारभार मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि या लोभाकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहण्याची सवय समाजाला जडलेली आहे. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की हा लोभ ही सांस्कृतिक स्मृतीची खरी ठेव आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी केवळ चाहत्यांवर सोडून चालणार नाही.

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका म्हणजे ठरावीक पात्रे, ठरावीक घर आणि दर भागात नव्याने उभा राहून त्याच भागात मिटणारा पेच. अशा मालिकेत पात्रे फारशी बदलत नाहीत. भित्रा माणूस भित्राच राहतो, फुशारकी मारणारा फुशारकीच मारतो, आणि याच स्थिरपणामुळे ती घरच्या माणसांसारखी ओळखीची होतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये अशा संबंधाची शास्त्रीय मांडणी केली. पडद्यावरच्या व्यक्तीला प्रेक्षक ओळखतो पण ती त्याला ओळखत नाही, तरीही प्रेक्षकाच्या बाजूने एक आपलेपणा रुजतो, असे त्यांनी दाखवले. या एकतर्फी आपलेपणाला भाबडेपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु कादंबरीतल्या किंवा कीर्तनातल्या पात्राशी वाचक-श्रोत्याचे नाते एकतर्फीच असते, आणि त्याला कोणी भाबडे म्हणत नाही.

मराठीत या लोभाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘चिमणराव’ या मालिकेचे आहे. बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी कथांतून उभी केली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ या पुस्तकांनी ती घरोघरी पोचवली आणि १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ती पडद्यावर साकारली. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिची मालिका केली. त्या वेळी तिशीत असलेल्या दिलीप प्रभावळकरांचा काटकुळा, बावरलेला चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा आडदांड, खणखणीत आवाजाचा गुंड्याभाऊ ही दोन रूपे प्रेक्षकांच्या डोळ्यांत अशी ठसली की मूळ कथा वाचतानाही पुढे तेच चेहरे दिसू लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे यांचे पंचाण्णवाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा मालिका संपून साडेचार दशके उलटली होती, तरीही महाराष्ट्राने निरोप दिला तो गुंड्याभाऊंना.

खानदेशाच्या बाजूने पाहिले तर या उदाहरणाला आणखी एक पदर आहे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे प्रक्षेपण पुण्यापर्यंत गेले. जळगाव-धुळे भागात दूरचित्रवाणी पोचायला १९८० चे दशक उजाडावे लागले. भुसावळजवळच्या वरणगावात १९६४ पासून आयुध निर्माणी, म्हणजे लष्करासाठी दारूगोळा बनवणारा सरकारी कारखाना, उभी होती. तिच्या वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे राहत होती आणि नागपूरच्या लोहमार्गावरचे हे गाव जगाशी चांगले जोडलेले होते. पण मुंबईकर ज्या संध्याकाळी चिमणरावाच्या फजितीवर हसत होते, त्या संध्याकाळी इथल्या घरांत तो पडदाच नव्हता. या भागाला चिमणराव भेटला तो वाचनालयातल्या पुस्तकांतून, १९७९ च्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटातून आणि मुंबई-पुण्याच्या नातलगांनी केलेल्या वर्णनांतून. न पाहिलेल्या मालिकेविषयीही जिव्हाळा निर्माण होऊ शकतो, हे यावरून दिसते. कारण तो जिव्हाळा प्रक्षेपणापेक्षा पात्राच्या माणूसपणावर उभा असतो.

खानदेशाने प्रभावळकरांना आपल्या घरात खऱ्या अर्थाने पाहिले ते पुढे, केबलच्या काळात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठी या वाहिनीने २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आणली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती बेतलेली होती आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते. आजोबा म्हणजे आबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे एवढाच तिचा संसार. सासू-सुनेचा सूड नाही, वारशाचे कारस्थान नाही. आबा आणि नातू यांच्यात दोन पिढ्यांचे अंतर असूनही जमलेली गट्टी, मुलीच्या मैत्रीचा आईला लागलेला घोर, असल्या मामुली गोष्टींवर अख्खा भाग उभा राहत असे. साठीही न गाठलेल्या प्रभावळकरांनी आबांचे वय उसने आणलेल्या थरथरीने दाखवले नाही. ऐकून घेताना किंचित झुकणारी मान आणि चिमटा काढण्याआधीचा एक थांबा यांतून त्यांनी ते उभे केले, आणि म्हणूनच आबा केविलवाणे न होता मिस्कील आणि समजूतदार झाले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. टिपऱ्यांचे घर मुंबईचे, बोली प्रमाण मराठीच्या जवळची. वरणगाव-भुसावळच्या पट्ट्यात मात्र घरोघरी लेवा गणबोली बोलली जाते, ज्या बोलीला बहिणाबाई चौधरींनी मराठी कवितेत कायमचे स्थान मिळवून दिले. दूरचित्रवाणीच्या विनोदात ग्रामीण बोलीच्या वाट्याला बहुधा हसवण्याचे नव्हे, हसे होण्याचे काम आले आहे, ही तक्रार रास्त आहे. तरीही टिपरे मालिकेवर खानदेशातल्या प्रेक्षकाने जीव लावावा यात विसंगती नाही, कारण त्या मालिकेचा विनोद कोणाच्या बोलीवर, जातीवर वा गावंढळपणावर जगत नव्हता. महिनाअखेरीची ओढाताण आणि मोठ्यांचा धाक झुगारतानाही त्यांच्याविषयी वाटणारी माया मुंबईच्या घरात जशी असते तशीच निर्माणीच्या वसाहतीतल्या घरात असते. दुसऱ्याला कमी न लेखणारा विनोद मुलखाच्या वेशी ओलांडतो, आणि मालिका बंद झाल्यावरही जो लोभ टिकतो तो बहुतांशी अशाच विनोदाच्या वाट्याला येतो.

नटावरचा लोभ आणि पात्रावरचा लोभ यांत गल्लत होते, असा आक्षेप घेतला जातो. ‘हसवाफसवी’ या नाटकात एकट्याने सहा भूमिका करणारे, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आणि ‘चौकट राजा’तला नंदू अशी दोन टोके पेलणारे, आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधीजींच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे प्रभावळकर या आक्षेपाचे उत्तर आपल्या कामानेच देतात. त्यांचा चाहता त्यांच्या खासगी आयुष्यामागे धावत नाही. एकच माणूस इतक्या निरनिराळ्या माणसांना आपले शरीर देतो याचे त्याला अप्रूप वाटते. हा आदर कारागिरीविषयीचा आहे, म्हणून तो निरोगी आहे.

या लोभातूनच मालिका पुन्हा सुरू करण्याची मागणी निघते. ती समजण्यासारखी आहे, पण विचार करता ती स्वीकारार्ह ठरत नाही. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही हिंदी मालिका २००६ मध्ये थांबली, पुनःप्रक्षेपणांतून तिचा चाहतावर्ग वाढत गेला आणि २०१७ मध्ये ती नव्या रूपात आली; परंतु आजही चाहते उजळणी करतात ती पहिल्या पर्वाचीच. विनोदी कुटुंब हे एका काळाचे, एका वयाच्या कलावंतांचे आणि एका जुळून आलेल्या लयीचे असते, आणि ती जुळणी हुकमाने परत येत नाही. म्हणून चाहत्याने मालिकेचा नवा जन्म मागू नये. आधी झालेला जन्म जपला जावा, एवढे मात्र ठामपणे मागावे.

हे जपणे आपल्याकडे झालेले नाही. ‘चिमणराव’ प्रक्षेपित होत होती त्या काळी चित्रफीत महाग होती आणि जुने चित्रण पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची रीत होती. ‘चिमणराव’चे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. ही चूक आपल्यापुरती नव्हती. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग असेच पुसले. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज वाचला, कारण चाहत्यांनी तो घरी ध्वनिफितींवर टिपून ठेवला होता. आपल्या देशात छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले आहे आणि चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीच्या वाट्याला मात्र तसे बंधनही नाही आणि तशी हक्काची जागाही नाही. दूरदर्शनने आणि खासगी वाहिन्यांनी बंद झालेल्या मराठी मालिकांची संपूर्ण प्रत सार्वजनिक संग्रहात द्यावी, असा नियम झाला पाहिजे. तोवर ज्यांच्या घरी जुन्या व्हिडिओ कॅसेट वा ध्वनिफिती पडून आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी त्यांवर काय आहे ते पाहावे, त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी आणि जवळच्या वाचनालयाला किंवा विद्यापीठाला ती द्यावी.