वाफेचं सोंग

मी गाड्यांना आवाज देते. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करते आणि गेली दोन वर्षं माझ्याकडे विजेच्या गाड्यांच्या कृत्रिम आवाजाचं काम आहे. विजेची गाडी हळू चालते तेव्हा तिचा आवाज जवळजवळ येतच नाही. रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला ती आल्याचं कळत नाही. म्हणून युरोपात जुलै २०१९पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या मॉडेलांना आणि २०२१पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात आवाज करणं कायद्याने बंधनकारक झालं. वेग वाढला की सूर चढला पाहिजे, असाही नियम आहे. तो सूर किती आणि कसा चढवायचा, याचा कोड मी लिहिते.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी मागणी आली. ग्राहकाला आवाज निवडता यावा, आणि त्या यादीत जुन्या पेट्रोल इंजिनाचाही आवाज असावा. तांत्रिकदृष्ट्या सोपं काम होतं, पण ते माझ्या हातून पुढे सरकेना. का सरकत नाही ते मला सांगता येत नव्हतं. त्याच सुमारास आम्ही आजोबांना घेऊन माथेरानला गेलो.

आजोबा रेल्वेत होते. साठच्या दशकात दौंडच्या शेडमध्ये फायरमन म्हणून लागले. वाफेची इंजिनं कमी होत गेली तसे डिझेलवर असिस्टंट झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत, मोशीला आमच्याबरोबर राहतात. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. लहानपणी मला तो नकाशासारखा वाटायचा.

माथेरानची गाडी ही आपल्याकडच्या हौशी लोकांची लाडकी गाडी. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यातून ती उभी राहिली आणि १९०७मध्ये सुरू झाली. दोन फुटी रूळ, नेरळपासून माथेरानपर्यंत जेमतेम वीस-एकवीस किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी वीसास एक. या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली होती. वळणं इतकी तीव्र की साधं इंजिन रुळावरून उतरलं असतं. म्हणून त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसांवर क्लिएन-लिंडनर पद्धत वापरली होती. आत एक भक्कम आस, त्यावर पोकळ आस, आणि ती पोकळ आस वळणावर थोडी सरकते, थोडी तिरपी होते. ताकद सगळ्या चाकांना मिळते आणि वळणही घेता येतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी जी काही सुंदर गोष्ट शिकले असेन, तिच्या तोडीची ही आहे.

ही इंजिनं १९८२च्या सुमारास थांबली. त्यांच्यातलं एक नेरळला मांडून ठेवलेलं आहे, एक इंग्लंडला गेलं. गाडी डिझेलवर चालू राहिली. २००५च्या पावसात मार्ग वाहून गेला, २००७मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने चालू झाली. २०१९च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि नेरळहून पूर्ण प्रवास ऑक्टोबर २०२२मध्येच परत सुरू झाला. त्यानंतर, २०२३मध्ये, मध्य रेल्वेने इथल्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. आतलं यंत्र डिझेलचं, बाहेरून धुरांडं आणि गोल बॉयलरचा आभास. हा प्रकार एकट्या माथेरानचा नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला गुजरातेत एकतानगरची हेरिटेज गाडी सुरू झाली, तिचं विजेचं इंजिनही वाफेच्या इंजिनासारखं सजवलेलं आहे.

नेरळच्या फलाटावर त्या सजवलेल्या इंजिनापाशी लोक फोटो काढत होते. मला राग आला होता आणि मी तो आजोबांपुढे ओतला. हे खोटं आहे, याच्यापेक्षा साधं डिझेल परवडलं, आणि वारसा जपायचाच तर खरं वाफेचं इंजिन चालवायला हवं. दार्जिलिंगला अजून वाफेच्या फेऱ्या होतात. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने या शतकात नवी वाफेची इंजिनं बनवली. मग आपल्याला काय धाड भरली आहे?

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चालवणार कोण?”

“म्हणजे?”

“भट्टीपुढे उभं कोण राहणार? मे महिन्यात. तू राहशील?”

मी गप्प बसले. ते पुन्हा त्या सजवलेल्या इंजिनाकडे बघत म्हणाले, “बरं केलंय की. दिसतंय छान, आणि आत कोणी भाजत नाही.”

माझा सगळा युक्तिवाद या एका वाक्यापाशी अडला, आणि तो तसा अडायलाच हवा होता. वाफेच्या इंजिनावर प्रेम करणारे आपण बहुतेक जण प्रवासी आहोत, नाहीतर फलाटावरचे बघे. आपल्याला शिट्टी ऐकू येते, वाफेचा ढग दिसतो. आजोबांच्या आठवणीत रात्री अडीचला दार वाजवणारा कॉल बॉय आहे, फावड्याने टन-टन कोळसा मारून सुजलेले खांदे आहेत, आणि आजी कितीही घासायची तरी कॉलरवरून न जाणारी काजळी आहे. डिझेल आलं तेव्हा त्यांना काय वाटलं, असं मी एकदा विचारलं होतं. मला हळहळ अपेक्षित होती. ते म्हणाले, “बसायला मिळालं.”

माथेरानमध्येच याचं दुसरं, जास्त उघडं उदाहरण आहे. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून जायचं. त्या हातरिक्षाही जुन्या, आणि पर्यटकांना फोटोसाठी आवडणाऱ्या. पण ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षा मागितल्या, त्यासाठी कोर्टाची पायरी चढले. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. हातरिक्षा हा माथेरानचा वारसा आहे, तो जपा, असं तोंड वर करून कोणी म्हणेल का? म्हणत नाही, कारण तिथे ओढणारा माणूस समोर दिसतो. वाफेच्या इंजिनात तो लोखंडाआड असतो, आणि आपल्याला सगळं श्रेय यंत्राला देता येतं.

मग प्रश्न संपला का? डिझेल चांगलं, वाफ वाईट, आणि सोंग निरुपद्रवी? परतीच्या वाटेवर मी स्वतःला असंच समजावत होते. सोंगात वाईट काय? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून देव-राक्षस नाचतात, तिथे कोणी फसत नाही. नेरळच्या फलाटावरही आत डिझेल आहे हे लपवलेलं नव्हतं. जिथे फसवणूक नाही तिथे खोटेपणाचा आरोप कसा करायचा?

पण गाडी चढत असताना आजोबा जे बोलत होते, ते या हिशेबात बसत नव्हतं. वॉटर पाइप नावाचं स्टेशन आलं. माझी भाची म्हणाली, स्टेशनचं नाव असं कसं? आजोबा खुलले. वाफेची इंजिनं इथे पाणी भरायची, म्हणून ते नाव. मग त्यांनी तिला पाण्याची गोष्ट सांगितली. भट्टीच्या छतावर कायम पाणी असावं लागतं, ते उघडं पडलं तर पत्रा तापून बॉयलर फुटू शकतो. सपाटीवर काचेच्या नळीत पाणी दिसतं तेवढं खरं. चढावर इंजिन कललं की पाणीही मागे-पुढे सरकतं, मग नळी दाखवते एक आणि छतावर असतं दुसरं. “म्हणजे नळी खोटं बोलते?” भाचीने विचारलं. “खोटं नाही बोलत. रस्ता कसा आहे ते ठाऊक असेल तरच तिचं बोलणं कळतं.” पुढे चढ आहे की उतार, हे आधीच ओळखून फायरमनने पाणी घालायचं. चुकलंच, तर छतात बसवलेली शिशाची गुडदी वितळते आणि वाफ भट्टीत शिरून आग दाबते. इंजिन वाचतं, फायरमनची अब्रू जाते.

मी सत्तावीस वर्षं त्यांची नात आहे, इंजिनिअर आहे, आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं असं नाही, थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात बॉयलरचं अख्खं प्रकरण होतं. पण रस्ता ओळखून पाणी घालणं पुस्तकात नव्हतं. ते त्या डाग पडलेल्या हातात होतं.

सोंगाबद्दलचा माझा खरा आक्षेप मला तिथे सापडला. बोहाड्यात मुखवट्यामागची कथा जिवंत असते, ती सांगणारे आणि नाचणारे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात. सजवलेल्या इंजिनात मुखवटा उरतो आणि कथा जाते. वाफेच्या इंजिनाचं जे जपण्यासारखं होतं त्यातलं धुरांडं सर्वांत स्वस्त, म्हणून आपण नेमकं तेच जपलं. शिवाय सोंगाने आपली हौस भागते. हौस भागली की खऱ्याची मागणी कोणी करत नाही, आणि मागणी नसली की ते येणारी माणसंही उरत नाहीत. फसवणूक प्रवाशाची होत नसेल, पण तीस वर्षांनी भाची तिच्या मुलांना “आमच्या वेळी वाफेची गाडी होती” असं अगदी प्रामाणिकपणे सांगेल.

या सोंगात डिझेलवरही अन्याय आहे, आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. पन्नासच्या दशकातच डिझेल इंजिनं या मार्गावर आली होती. दरडी, पूर, घसरलेले डबे, यातून ही गाडी डिझेलने ओढून नेली. डब्या-डब्यावर उभं राहून शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक लावणारी माणसं डिझेलच्याही काळात होती, आणि त्यांचे फोटो फारसे कोणी काढले नाहीत. ब्रिटनमध्ये १९५१ साली टॅलिलिनची रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली तेव्हा जपायची म्हणजे वाफच, असा समज होता. आज तिथल्या हौशी रेल्वेंवर खास जुन्या डिझेलचे मेळे भरतात, कारण ज्यांचं बालपण डिझेलच्या आवाजात गेलं ते आता म्हाताऱ्या मंडळींत बसलेत. जुनं काय आणि नुसतं कालचं काय, हे आपल्या वयावर ठरतं. नेरळचं डिझेल डिझेल म्हणूनच रंगवलं असतं, त्याच्यावर त्याचं वय लिहिलं असतं, तर मला ते अभिमानाचं वाटलं असतं.

आणि वाफ? आजोबांच्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देईन. रोजच्या गाडीसाठी नको. माझ्या हौसेसाठी दुसऱ्या कोणी रोज भाजावं, हे मागण्याचा मला हक्क नाही. पण वर्षातून थोडे दिवस एखादं खरं इंजिन चालावं, चालवणाऱ्यांनी ते काम स्वतः निवडलेलं असावं, त्यांना त्याचा नीट पगार आणि शिकवायला शिकाऊ मुलं मिळावीत. लोकांनी भट्टीच्या इतकं जवळ उभं राहावं की धग लागेल. तिकीट महाग होईल, होऊ द्यावं. ती खरी किंमत आहे, पूर्वी ती आजोबांसारख्यांनी अंगावर घेतली म्हणून आपल्याला स्वस्त वाटली. आणि हे परवडत नसेल तर इंजिन शेडमध्ये थंड उभं राहिलेलंही चालेल. थंड इंजिनापुढे निदान माणूस विचारतो, हे चालायचं कसं?

हे मी आजोबांना सांगितलं. त्यांना पूर्ण पटलं नाही. “शिकाऊ मुलांना आधी पोहायला शिकवा, मग विहिरीत टाका,” एवढंच म्हणाले.

ऑफिसमध्ये मी त्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या आवाजावर माझं मत लिहून दिलं. गाडीचा आवाज हा रस्त्यावरच्या माणसाला काहीतरी सांगण्यासाठी असतो; गाडी येते आहे, वेग वाढतो आहे, ती मागे येते आहे. पेट्रोलचा आवाज गाडीत बसलेल्याला बरं वाटावं म्हणून आहे आणि बाहेरच्याला चुकीची माहिती देतो. मत वाचलं गेलं, धन्यवादही आले, आणि तो पर्याय पुढच्या आवृत्तीत ठेवायचं ठरलं. कोड शेवटी मीच लिहिला. कर्ज आहे, नोकरी आहे. सोंगाविरुद्ध एवढं लिहिणारी मीही सोंग रचणाऱ्यांतलीच, हे लपवण्यात अर्थ नाही.

तो आवाज घरी लॅपटॉपवर तपासत होते तेव्हा आजोबा शेजारी येऊन बसले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “चढ लागला तरी याचा आवाज बदलत नाही.”

खरंच बदलत नव्हता. मी फक्त वेग मोजला होता, भार मोजलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन ते दुरुस्त केलं.