कोंड्याचे ऋण

दिवाळीच्या फराळात कोकणी माणसाला पोहे हवेतच, आणि पेणचे पोहे तर दूरवर नावाजलेले. पेण-रोह्याकडचा माणूस भातावर वाढलेला. अंबा आणि कुंडलिका यांच्या काठची शेते त्याला पोसतात. ताटातला भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा शुभ्र असावा, एवढीच आपली हौस. परंतु या शुभ्रतेची किंमत कोण देतो, हा प्रश्न सणाच्या दिवशीही विचारण्याजोगा आहे.

घिरटावर भरडून उखळात सडलेल्या तांदळाला कोंड्याचा तांबूस पापुद्रा थोडाफार राहत असे. गिरणी आली आणि तोही गेला. ‘कोंड्याचा मांडा करणे’ म्हणजे दारिद्र्यातही गोडीने भागवणे, असे आपण म्हणतो. पण खरी श्रीमंती त्या कोंड्यातच होती! 1890 च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्या लष्करी इस्पितळातल्या पॉलिशच्या भातावर लुळ्या पडल्या. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने बजावले. त्यांना साधा, बिनसडीचा तांदूळ मिळाला आणि त्या बऱ्या झाल्या. बेरीबेरीचे कोडे सुटण्याची वाट तेथून निघाली. दाण्यावरच्या त्या पापुद्र्यात ब-1 जीवनसत्त्व होते. आपण मात्र कोंडा गुरांना घातला आणि पांढरा भात मुलांना वाढला.

आता शास्त्र म्हणते, उणे झालेले भरून काढू. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी सरकारने घोषणा केली की, रेशन आणि शाळेतले जेवण यांत 2024 पर्यंत पोषणयुक्त तांदूळ देण्यात येईल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 मिसळून यंत्राने दाणे घडवायचे व साधारण शंभर दाण्यांत एक असा तो मिसळायचा. यातले सगळेच कोंड्याबरोबर गेलेले नव्हते. ब-12 तर धान्यात मुळी नसतेच. तरीही रक्त कमी असलेल्या बाईला ते मिळावे, याला कोण नाही म्हणेल?

प्रश्न औषधाचा नाही, देण्याच्या रीतीचा आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बायकांनी हे वेगळे दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून फेकले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात दाणा न् दाणा पारखून घेतात, तेथे न सांगता परका दाणा मिसळला, तर संशय घेणे हेच शहाणपण नव्हे काय? थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी गोणीवर इशारा छापण्याचा नियम काही वर्षे होता. पण गोणीवरचा इशारा मापात पडत नाही.

पेणच्या खाडीकाठी मिठागरे आहेत, म्हणून मिठाचे उदाहरण घेऊ. गलगंड टाळण्यासाठी 1962 साली देशात आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ते मीठ श्रीमंत-गरीब सर्वांच्याच स्वयंपाकघरात गेले. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, कारण मीठ सर्वांचे एकच होते. हा तांदूळ मात्र रांगेत उभ्या असणाऱ्यांसाठीच आला. शुभ्रतेचा शौक सर्वांनी केला आणि प्रायश्चित्त गरिबाच्या ताटात वाढले.

दुसरी एक वाट आहे. लोहाने समृद्ध अशी ‘धनशक्ती’ बाजरी 2014 साली देशभरासाठी प्रसृत झाली. तिचे बियाणे शेतकऱ्याला घरचे राखता येते. म्हणजे पोषणाची किल्ली त्याच्याच कणगीत राहते. आपल्या कोकणात बाजरी नाही, पण डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी आहे. त्यांना आपण ‘गरिबाचे धान्य’ म्हणून पंक्तीबाहेर बसवले, एवढेच.

उपाशी माणसाला आजच हवे असलेले औषध उद्याच्या आदर्शासाठी अडवू नये, हे खरेच. पण ते देताना त्याला आधी सांगावे, त्याचे ऐकावे, आणि डाळ, भाजी, मासळी यांचे देणे त्या एका दाण्यावर भागले असे मानू नये. आणि जे त्याच्या हिताचे, ते आपल्याही ताटात घ्यावे. जे आपण स्वतः खात नाही ते दुसऱ्याला हितकर म्हणून वाढणे, हा परोपकाराचा फार स्वस्त प्रकार आहे.