सायकल तीच राहते का?

राजुऱ्याहून वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरला रोज जाणाऱ्या सायकलीची चेन धुळीने झिजते, बाभळीच्या काट्याने ट्यूब पंक्चर होते, कॅरियरवरच्या ओझ्याने मागचे स्पोक तुटतात. एकेक भाग बदलल्यावर सायकल तीच राहते का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: आस, चाके, जू यांपैकी रथ कोणता? एकही नाही, ‘रथ’ हे भागांच्या जुळणीचे नाव.

याच बौद्ध धम्माची दीक्षा १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जवळच्या चंद्रपुरात दिली. त्या धम्मातली अनित्यता, म्हणजे सारे बदलत राहते हा विचार, निराशा नव्हे. जे झिजते, त्यालाच निगा लागते. चेनच्या कडीकडीवर तेलाचा थेंब सोडणे, स्पोक आवळून चाकाचा आऊट काढणे, यानेच जुळणी टिकते आणि नावही.