टोकामॅकचे धुराडे

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या संमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉनांबरोबर चुंबकीय क्षेत्राला न जुमानता बाहेर पडते आणि सगळ्या भिंतीवर विखुरते; हेलियमच्या केंद्रकांकडे असलेली उरलेली ऊर्जा मात्र प्लाझ्मातच, म्हणजे विद्युतभारित कणांच्या अतितप्त वायूतच, मुरते आणि अखेर त्याच्या कडेच्या अरुंद पट्ट्यातून बाहेर झिरपते. या उष्णतेच्या निचऱ्याचा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम राहिला, आणि ते स्वाभाविकही होते, कारण ज्या काळात प्लाझ्मा धरून ठेवणेच साधत नव्हते त्या काळात त्याच्या धुराड्याची चिंता कोण करणार?

प्रिन्स्टनमध्ये लायमन स्पिट्झर यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी कडेच्या चुंबकीय रेषा वळवून वेगळ्या कक्षात नेणाऱ्या ‘डायव्हर्टर’ची कल्पना मांडली, तेव्हा तिचा मुख्य रोख अशुद्धीवर होता. भिंतीवरून सुटलेले परके अणू प्लाझ्मात शिरले की त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने उधळतात आणि तो निवतो. त्यांना आत येऊच द्यायचे नाही, एवढाच हेतू. 1982 मध्ये जर्मनीतील गार्खिंग येथील आस्डेक्स या टोकामॅकवर, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रावर, फ्रिट्झ वॅग्नर आणि सहकाऱ्यांना डायव्हर्टर असताना प्लाझ्मा अचानक कितीतरी चांगला कोंडला जातो असे आढळले, आणि ही सोय गरज बनली. यश मात्र अंगाशी येणारे होते: कोंडणे जितके उत्तम, तितका निचऱ्याचा पट्टा अरुंद. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर यंत्रात तो सुमारे 1 मिलिमीटरच असेल, असा अंदाज अनेक यंत्रांवरील मोजमापांवरून 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काही संगणकीय प्रारूपांनी तो अतिनिराशावादी ठरवला असला, तरी धास्ती कायम आहे.

पहिले उत्तर धातूचे होते. कार्बन वितळत नाही, पण ट्रिटियम धरून ठेवतो. म्हणून इंग्लंडमधील जेट यंत्राच्या भिंतीवर 2011 पासून बेरिलियम आणि डायव्हर्टरमध्ये टंगस्टन आले. आयटरच्या डायव्हर्टरमधील टंगस्टनचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीभोवती बसवलेले असतात, नळीतून दाबाखालचे पाणी खेळते, आणि दर चौरस मीटरला 10 मेगावॉट भार अखंड, तर 20 मेगावॉट अल्पकाळ सोसावा, अशी त्यांची रचना आहे.

खरे वळण आले ते उष्णता भिंतीपर्यंत पोहोचूच न देण्याच्या विचाराने. डायव्हर्टरमध्ये निऑन किंवा नायट्रोजन सोडला की त्याचे अणू ऊर्जा शोषून अतिनील प्रकाश चहूकडे फेकतात, भार पसरतो, आणि टंगस्टनसमोरचा प्लाझ्मा इतका निवतो की तो पुन्हा उदासीन वायू बनून पृष्ठभागापासून सुटतो. याला ‘विलगीकरण’ म्हणता येईल. ज्या अशुद्धीला रोखण्यासाठी डायव्हर्टर जन्मला, तीच आता मोजून आत सोडली जाते! मात्रा चुकली तर थंडी गाभ्याकडे सरकते आणि प्लाझ्माच कोसळू शकतो, त्यामुळे हे तंत्र रामबाण मानणे धाडसाचे ठरेल.

टेक्सास विद्यापीठातील प्रशांत वळंजू, माइक कोटशेनरॉयटर, स्वदेश महाजन आदींनी 2009 मध्ये मांडलेल्या ‘सुपर-एक्स’ रचनेत निचऱ्याची वाट लांबवून मोठ्या त्रिज्येवर नेली जाते. इंग्लंडमधील कलम येथील मास्ट अपग्रेडवर 2021 मध्ये तिने भार सुमारे दहापटीने घटल्याचे जाहीर झाले. त्या यंत्रातील प्लाझ्मा मात्र काही सेकंदच टिकतो. वीजनिर्मितीच्या अणुभट्टीला हेच महिनोन्महिने साधावे लागेल, आणि ते आजवर कोणत्याही यंत्राने केलेले नाही.