संमेलनाचा हिशेब

महाविद्यालयातील स्नेहसंमेलने, शिबिरे, व्याख्याने, क्रीडास्पर्धा इत्यादी समारंभांची व्यवस्था पाहण्यात विद्यार्थ्यांचा जो काळ जातो तो सत्कारणी लागतो की व्यर्थ जातो, ह्या प्रश्नावर आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दोन मते नांदत आलेली आहेत. पहिले मत वडीलधाऱ्यांचे. मुलाला शिकावयास पाठविले आहे, मांडव घालावयास नव्हे, असे ते म्हणतात. दुसरे मत त्या मानाने नवे आहे. नोकरी देणारा नुसती गुणपत्रिका पाहत नाही, चार माणसांना बरोबर घेऊन काम तडीस नेण्याची हातोटी उमेदवाराच्या अंगी आहे की नाही हेही पाहतो. यास्तव पदवी हाती पडण्यापूर्वी मुलाने एखाद्या तरी समितीचे चिटणीसपद पदरात पाडून घ्यावे, असा ह्या पक्षाचा उपदेश असतो. ही मते वरकरणी परस्परविरुद्ध दिसली, तरी एका बाबतीत ती सख्खी भावंडे आहेत. दोघेही त्या कामाचे मोल कामाच्या बाहेर, परीक्षेच्या वा पगाराच्या तराजूत, करू पाहतात. प्रत्यक्ष ते काम करताना मुलाच्या ठायी काय घडते, ह्याकडे दोघांचेही लक्ष नसते. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

ह्या प्रश्नाचा विचार मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालयांवरून करण्यापेक्षा पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांवरून करणे अधिक उपयुक्त होईल. कारण येथे महाविद्यालये नवी असली, तरी समारंभाच्या व्यवस्थेची विद्या फार जुनी आहे. चैत्राच्या सुमारास गावोगावच्या यात्रा सुरू होतात. घरटी वर्गणी ठरते, पंच नेमले जातात, नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि दूरदूरची गावकरी मंडळी तेथे येऊन आपल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. हरिनाम सप्ताहात कीर्तनकारांच्या तारखा जुळविणे, पंगतीचा शिधा गोळा करणे, वाढप्यांच्या पाळ्या लावणे हे सारे लिहिणे-वाचणे बेताचे असलेली माणसेही चोख पार पाडीत आली. तेव्हा जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथील महाविद्यालयात पाऊल टाकणारा शेतकऱ्याचा मुलगा ह्या विद्येत अगदीच कोरा असतो, असे मुळीच नाही.

मग महाविद्यालय त्याला अधिक काय देते? यात्रेत पुष्कळशा गोष्टी जन्माने ठरलेल्या असतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, मानाचा नारळ कोणाला, पंचांच्या बैठकीत कोणी बोलावयाचे व कोणी ऐकावयाचे, हे सारे पिढ्यांपासून चालत आलेले असते. महाविद्यालयाच्या समितीत असा वंशपरंपरागत मानकरी कोणी नाही. टोमॅटोचे मळे असलेल्या बागाईतदाराचा मुलगा, शिक्षकाची मुलगी आणि आहुपे खोऱ्यातून वसतिगृहात आलेला आदिवासी विद्यार्थी ह्यांना एका टेबलाभोवती बसून तारीख ठरवावी लागते. मांडववाल्याची दरपत्रके मागवावी लागतात, प्राचार्यांची परवानगी मिळवावी लागते, आणि पाहुण्यांची गाडी उशिरा आली व वीज गेली तर काय करावयाचे हे आधी योजून ठेवावे लागते. दुसऱ्याने दिलेल्या शब्दावर विसंबावे लागते, आणि आपण दिलेला शब्द मोडला तर तो कोणाच्या अंगावर पडतो, हे डोळ्यांदेखत दिसते. वर्गातील पाठ चुकला तर नुकसान एकट्याचे होते. येथे एकाच्या आळसाने तीनशे माणसे उपाशी बसतात. आपली चूक दुसऱ्याला भोवते ही जाणीव पुस्तकातून फारशी येत नाही.

जुन्नर तालुक्यातच खोडद येथे तीस महाकाय रेडिओ दुर्बिणींचा प्रसिद्ध प्रकल्प आहे. तेथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात भोवतालच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापले प्रयोग मांडतात. आपल्या प्रयोगाचे मर्म एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला, मग त्याच्या नातवाला, मग एखाद्या प्राध्यापकाला, असे दिवसभर निरनिराळ्या शब्दांत सांगताना त्या मुलाला एक गोष्ट कळून चुकते. ऐकणाऱ्याला समजले नाही, तर ती उणीव बहुधा सांगणाऱ्याची असते. हाच मुलगा पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक किंवा कृषी अधिकारी झाला, तर त्या एका दिवसाचा वारसा त्याच्या रोग्यांना, पक्षकारांना व शेतकऱ्यांना मिळत राहील.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. जी मुले समित्यांत पुढे येतात ती मुळातच धीट व चलाख असतात. पुढे ती यशस्वी झाली, तर ते यश समितीचे की स्वभावाचे? कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवतो असे मानण्यासारखाच हा प्रमाद नव्हे काय? शंका खरी आहे, आणि समारंभांची तरफदारी करणारे तिचा विचार सहसा करीत नाहीत. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन ह्या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९८४ साली असे प्रतिपादन केले, की विद्यार्थी महाविद्यालयीन जीवनात जितका व ज्या प्रतीने गुंततो त्या प्रमाणात तो घडतो. ह्या सिद्धांताचा पूर्वार्ध सर्वांना पाठ झाला. ‘ज्या प्रतीने’ हे शब्द मात्र विसरले गेले. नुसते गुंतणे पुरेसे असते, तर दरवर्षी व्यासपीठावर मिरवणारा प्रत्येक जण पुढे कर्तबगार निघाला असता. अनुभव तसा नाही.

प्रतीचा अर्थ काय, हे आपल्याच इतिहासातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. निबंध वाचणे व त्यांवर चर्चा करणे हा तिचा आरंभीचा उद्योग. परंतु त्या तरुणांनी तेवढ्यावर न थांबता १८४९ मध्ये मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढल्या आणि आरंभी स्वतःच विनावेतन शिकविण्याचे काम पत्करले. लोकांच्या घरी जाऊन मुली पाठविण्याची विनवणी करणे, जागा मिळविणे, वर्ग नेमाने चालविणे, हे सर्व त्यांत आले. ह्या मंडळींत दादाभाई नौरोजी अग्रभागी होते. पुढे १८६६ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची उभारणी करताना किंवा १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून जाताना दादाभाईंना जी चिकाटी उपयोगी पडली, तिची पहिली तालीम मुलींच्या त्या लहानशा वर्गांत झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. तथापि लंडनला जाण्यास उपयोग होईल म्हणून त्यांनी मुलींना शिकविले नव्हते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण भाऊराव पाटलांचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. नाना जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत व कष्टाची कामे करीत. आज मंचरचे महाविद्यालय ह्याच संस्थेचे आहे. पाणी कोणी आणावयाचे आणि भाकरी कोणी भाजावयाची ह्याची पाळी लावणे हीदेखील व्यवस्थाच. किंबहुना सर्व व्यवस्थांत ती कठीण, कारण तिच्यात टाळ्या नाहीत.

आता दुसरी बाजू पाहू. व्यवस्थेची हातोटी ही चाकूसारखी आहे. भाजी चिरण्यास आणि खिसा कापण्यास ती सारखीच उपयोगी पडते. वर्गणीच्या नावाखाली व्यापाऱ्याला भीड घालणे, पावती न देता रक्कम घेणे, पुढाऱ्याचा पैसा घेऊन त्याच्या नावाचा फलक लावणे, खर्च फुगवून दाखविणे, कामे दुसऱ्यांवर लोटून आभाराच्या वेळी आपण पुढे उभे राहणे, हेही शिक्षण समारंभांतूनच मिळू शकते. आणि तेही पुढील आयुष्यक्रमाला वळण लावते. वयाच्या विसाव्या वर्षी ज्याने दोनशे रुपयांचा हिशेब गुंडाळला व त्याबद्दल मित्रांची शाबासकी मिळविली, तो पन्नासाव्या वर्षी दोन कोटींच्या हिशेबाजवळ एकाएकी संत कसा होईल? तेव्हा समारंभ करणारा विद्यार्थी घडतो ह्यात संशय नाही. परंतु तो चांगलाच घडतो, ही समजूत निराधार आहे.

आमच्या अल्प मतीप्रमाणे ह्या कामात विद्यार्थ्याच्या हाती तीन ठेवी येतात: दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचे श्रम आणि दुसऱ्याचे श्रेय. पैशाचा हिशेब लिहून दाखविता येतो. श्रमाचा हिशेब मनात ठेवावा लागतो. श्रेयाचा हिशेब तर बहुधा कोणी मागतच नाही, म्हणून माणसाची खरी पारख तेथेच होते. ह्या तीन ठेवी जशाच्या तशा परत करण्याची सवय ज्याला लागली, त्याच्यावर पुढे दवाखाना, सहकारी संस्था, शाळा वा कारखाना सोपविण्यास समाजाने कचरू नये.

ह्यातूनच न्यायाचा प्रश्न उभा राहतो. ह्या कामाने जर मनुष्य घडत असेल, तर ते काम कोणाच्या वाट्यास येते हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहत नाही. तालीम संध्याकाळी ठेवली की दूरच्या गावची मुलगी आपोआप वगळली जाते, कारण तिची शेवटची एस. टी. निघून जाते. सुगीच्या दिवसांत समितीची बैठक ठेवली, तर ज्याच्या घरी मजूर लावण्याची ऐपत नाही तो मुलगा येऊ शकत नाही. निवेदनासाठी शुद्ध बोलणारा हवा असे म्हटले, की डोंगरकपारीच्या गावांतून आलेला विद्यार्थी सतरंज्या उचलण्यास उरतो. कोणी दुष्टपणाने हे करतो असे नाही. सोयीसोयीनेच ते घडते. पण चार वर्षे एकाने फक्त माइक हाताळावा आणि दुसऱ्याने फक्त सतरंज्या, ह्याचे फळ पुढील चाळीस वर्षे दोघांनाही भोगावे लागते. एकाला आज्ञा करण्याची चटक लागते, दुसऱ्याला मागे राहण्याची सवय होते. वस्तुतः दोघांचेही शिक्षण अर्धेच झालेले असते.

फळाच्या इच्छेने केलेले सत्कर्म सत्कर्म राहते काय, हा जुना प्रश्न अलीकडे नव्या वेषात पुढे आला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ असा तिच्या बोधवाक्याचा आशय आहे. स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास सेवा द्यावी अशी अपेक्षा असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या नव्या आखणीत अशा सहअभ्यासक्रमीय कार्याला श्रेयांकही मिळू लागले आहेत. ह्यात वाईट काही नाही. कष्टाची दखल घेतली जावी हे योग्यच. मात्र श्रेयांकासाठी झाडू हाती घेणारा तास भरताच तो खाली ठेवतो, आणि गाव स्वच्छ व्हावे म्हणून झाडणारा कचरा संपेपर्यंत झाडीत राहतो. माणूस घडतो तो नेमका तास भरल्यानंतरच्या त्या वेळात. त्यामुळे एक चमत्कारिक न्याय येथे लागू पडतो: ह्या कामाचे व्यावहारिक फळदेखील ज्याने फळावर डोळा ठेवला नाही त्यालाच पुरतेपणी लाभते. दुसऱ्याच्या हाती प्रमाणपत्र राहते, आणि ते दाखविल्यावर मागितला जाणारा गुण त्याच्यापाशी नसतो.

जुन्नरचा परिसर हिशेबाच्या बाबतीत उदासीन नाही, हे त्याचे खडकच सांगतात. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे व नाण्यांच्या दक्षिणेची नोंद आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचे कोरलेले आहे. राजाने काय दिले हे जसे दगडावर आले, तसेच चार धान्यव्यापाऱ्यांनी मिळून काय दिले हेही आले. सार्वजनिक कार्याचा जमाखर्च सर्वांना वाचता येईल असा उघड्यावर असावा, हा धडा ज्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी गिरविला गेला, त्या मातीतील विद्यार्थ्यांना तो परका वाटू नये.

आणि ‘कारकीर्द’ ह्या शब्दाने कोणाची दृष्टी दिपली असेल, तर त्याने मंचरच्या त्याच महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेचे नाव वाचावे. ते आहे हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा हा गिरणीकामगार, १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहून नेणाऱ्या मोटारीपुढे आडवा झाला व तिच्याखाली प्राणास मुकला. तो कोणत्याही समितीचा अध्यक्ष नव्हता. पदवीधर तर नव्हताच. तो साधा स्वयंसेवक होता. सार्वजनिक कामात पुढाऱ्याची जागा मोठी की कामकऱ्याची, ह्याचे उत्तर त्या नावात आहे.

तेव्हा पालकांना आमची विनंती इतकीच, की मुलाने वा मुलीने संमेलनाचे काम पत्करले म्हणून कपाळाला आठी घालू नये. आणि त्याचा नोकरीला उपयोग होईल म्हणून हुरळूनही जाऊ नये. कार्यक्रम कसा झाला, पाहुणे कोण आले, हे विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावेत: वर्गणीचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखविला काय? भांडी कोणी घासली? आणि आभार मानताना त्यांचे नाव घेतले काय? ह्या तीन प्रश्नांना ज्याला मान वर करून उत्तर देता येते, त्याच्या भवितव्याची चिंता करण्याचे फारसे कारण नाही.