काढा आणि कसोटी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीकाठचे बजबज आपल्याकडे ठाऊक असते ते कोमागाटा मारू जहाजामुळे. १९१४ साली त्या जहाजातल्या पंजाबी प्रवाशांवर गोळीबार झाला तो इथेच. नदीच्या कडेने आणखी थोडे खाली गेले की अछिपूर लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अछि नावाच्या चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून इथे उसाचा मळा आणि साखरेचा कारखाना उभा केला. बंगालमधल्या चिनी वस्तीचा हा मूळपुरुष. नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची तांबडी समाधी आहे आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याची चिनी कुटुंबे आजही तिथे दर्शनाला जातात.

या समाजाने कोलकात्याला सुतार दिले, चर्मकार दिले, दंतवैद्य दिले. पण चिनी उपचारपद्धती भारतात रुजवली ती एका बंगाली डॉक्टरने. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते, तसेच बंगालचे बिजोय कुमार बसूही होते. बसू परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी त्याची परंपरा उभी केली. कोटणीस परतले नाहीत. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते चीनमध्येच गेले. मेंदूच्या विकारापुढे त्या काळी पूर्वेचे आणि पश्चिमेचे, दोन्ही वैद्यक किती तोकडे होते, हे या मृत्यूने दाखवले.

आज चिनी वनौषधींचा एक मोठा दावा मेंदूबाबतच आहे. पक्षाघात आणि डोक्याला मार लागल्यावर होणारी मेंदूची इजा, दोन्हींत काढे उपयोगी पडतात, असे सांगितले जाते. या दाव्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. वांग छिंगरेन नावाच्या वैद्याने १७९७च्या साथीत मेलेल्या, उथळ पुरलेल्या आणि कुत्र्यांनी उकरलेल्या मुलांचे देह रोज जाऊन पाहिले, कारण जुन्या ग्रंथांतली शरीराची चित्रे त्याला पटत नव्हती. १८३० साली त्याने ग्रंथ लिहून पूर्वसूरींच्या चुका काढल्या आणि बुद्धी व स्मृती हृदयात नसून मेंदूत असतात, असे ठामपणे मांडले. अर्धांगासाठी त्याने दिलेला काढा आजही वापरात आहे. त्यात हुआंगछी हे मूळ चाळीस भाग आणि बाकीची सहा द्रव्ये मिळून जेमतेम साडेसात भाग. या सहांत गांडूळ आहे, तशीच आपल्या सोलापूर-मराठवाड्यात पिकणाऱ्या करडईची फुलेही आहेत. विचार असा, की हुआंगछी जोर भरून काढील आणि बाकीची द्रव्ये साकळलेले रक्त हलवतील.

विचार सुरेख आहे. पण सुरेख विचाराने रोगी बरा होतोच असे नाही, आणि मेंदूच्या बाबतीत फसगत फार सोपी असते. मार लागतो त्या क्षणी जे नुकसान होते ते होऊन जाते; त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत कवटीच्या बंद पोकळीत सूज येते, दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो. खरी लढाई या दुसऱ्या नुकसानीशी असते. त्यातून तरलेला रुग्ण पुढचे तीन ते सहा महिने बऱ्याचदा आपोआपच सुधारत जातो. या काळात जे कोणते औषध चालू असेल, यश त्याच्या पदरात पडते. काढा असो, भस्म असो वा अंगारा, ‘आमच्या भावाला गुण आला’ हे खरेच असते. कशाने आला, हे मात्र त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी लागते तुलना: निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे निष्क्रिय द्रव्य, आणि कोणाला काय दिले हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही. पक्षाघातासाठीच्या काही चिनी औषधांनी ही परीक्षा दिली आहे. ‘न्यूरोएड’ या मिश्रणाची चाचणी आशियातल्या अनेक देशांत सुमारे १,१०० रुग्णांवर झाली. २०१३ साली निकाल आला: तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत ठोस फरक नाही. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या आणखी एका काढ्याची चाचणी चीनमधल्या २६ रुग्णालयांत सोळाशेहून अधिक रुग्णांवर झाली. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष तोच. डोक्याच्या इजेबाबत तर पुरावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा आणि छोट्या चाचण्यांचा आहे.

यावर आधुनिक वैद्यकाने मिशा पिळायचे कारण नाही. डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची रीत कित्येक वर्षे चालू होती. तर्क बिनतोड वाटत होता. ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत दहा हजारांवर रुग्ण घेतले, तेव्हा २००४ साली कळले की दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांतले २१.१ टक्के दगावले आणि न घेतलेल्यांतले १७.९ टक्के. रीत मोडली. शास्त्राची थोरवी हीच, की आपलेच औषध मारक ठरले तर ते टाकून द्यायचे.

चिनी वैद्यांचा आक्षेप असतो, आपल्या वैद्यांचाही असतो, की आमचे औषध प्रकृती पाहून दिले जाते. सगळ्यांना एकच कॅप्सूल देऊन आमची परीक्षा कशी घेता? आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. वैद्याने प्रत्येकाला हवा तो काढा लिहावा. तो खरा द्यायचा की खोटा, हे चिठ्ठीने ठरावे. परीक्षा टाळायला हे कारण पुरत नाही.

महाराष्ट्रात या वाटेने चालून दाखवणारी माणसे झाली आहेत. कोटणीस ज्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथेच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेल प्रयोगशाळेत आणि अवरोधी काविळीच्या रुग्णांवर तपासली. तेही आयुर्वेदाची हेटाळणी न करता आणि त्याची आरतीही न ओवाळता. अर्धांगवायूवर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या बृहत्वातचिंतामणी या भस्मयुक्त आयुर्वेदिक औषधाची मोठी, कडक चाचणी मागणारे आवाज मात्र क्षीणच आहेत. चीनने आपला काढा हरण्याची जोखीम घेऊन आखाड्यात उतरवला. आपण आपले भस्म कधी उतरवणार?

तोवर, ज्यांच्या घरचे कोणी अतिदक्षता विभागात आहे त्यांना एवढेच सांगणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काढा, मात्रा, चाटण काहीही घालू नका. ते फुप्फुसात उतरते. रक्त ‘हलवणारी’ द्रव्ये डोक्यात रक्तस्राव झालेल्याला किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला घातक ठरू शकतात. आणि पुढे घरी आल्यावर काही सुरू कराल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.