नेरळला बदली झालेल्या भाच्यास

चि. सुजयास,


नेरळला बदली झाल्याचं कळवलंस आणि त्याच दमात आसपासच्या ट्रेकची यादी मागितलीस. यादी काय, मोबाइलवर हवी तेवढी मिळेल. मला वेगळंच सांगायचंय.

माथेरानचा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच. त्याच्या सोंडांवरून, घळींतून ज्या वाटा खाली उतरतात, त्या ट्रेकर मंडळींनी पाडलेल्या नाहीत. पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतली माणसं मजुरीला, बाजाराला वर जातात, अंधार पडायच्या आत परततात. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान ‘शोधलं’ म्हणतात. साहेब चौक गावाच्या बाजूने चढले, ते वाट होती म्हणूनच ना! तेव्हा या डोंगरात तू कुणाच्या तरी येण्याजाण्याच्या रस्त्यावरून चालणार आहेस, हे ध्यानात ठेव. बाकीचं सगळं त्यातून आपोआप येतं.

सुरुवात गार्बेटने कर. नेरळहून कर्जत लोकलने पुढचंच स्टेशन भिवपुरी रोड. तिथून डिकसळ, मग चढ, मग सागाची वाडी आणि तिच्यामागे गार्बेट पॉइंटची धार. खाली पाली-भूतिवलीच्या धरणाचं पाणी दिसत राहतं, त्यामुळे दिशेचा घोळ फारसा होत नाही. घोळ होतो तो पठारावर. तिथे ढोरवाटा इतक्या आहेत की कुठलीही खरी वाटावी. ढोरवाट ओळखायची खूण सांगते. ती शेजारीशेजारी चार फाटे फोडते आणि शेवटी करवंदीच्या जाळीत नाहीतर एखाद्या डबक्याशी संपते. माणसाची वाट सहसा एकच असते. तिच्यावरचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात, आडवी येणारी कारवी कोयत्याने तिरकी छाटलेली असते, आणि दम लागतो नेमक्या त्या जागी मोळी टेकवायला एखादा सपाट धोंडा असतो. अशा धोंड्यावर बसून पाणी पी. पंधरा मिनिटांत यातलं काहीच दिसलं नाही, तर मागे फिर आणि शेवटच्या ओळखीच्या जागी ये. ‘खाली उतरलं की गाव लागेलच’ असं म्हणून घळीत शिरू नकोस. सह्याद्रीतली घळ पुष्कळदा कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडते.

पेबला, म्हणजे विकटगडाला, आनंदवाडीकडून जा. वरून माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने येणारी वाट सोपी म्हणून लोक तिकडून येतात. पण रुळांवरून चालणं नियमात बसत नाही, आणि बाजूला दरी आहे. पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये सुरू केलेली ती दोन फुटी रुळांवरची गाडी वळसे घेत घेत २१ किलोमीटर चालते. बसायला मौजेची, पण परतीला तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज स्टेशन या टप्प्यात ती बंदच असते.

पावसाळ्याचं एवढंच सांगते. ओढा ओलांडण्याआधी पाण्याचा रंग बघ. नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, की वर पठारावर पाऊस कोसळतोय असं समज, तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी. सोबतचे कितीही घाई करोत, अशा वेळी या काठावरच थांबायचं. धबधब्यांवर प्रशासनाची बंदी असेल त्या दिवशी घरी भजी तळ.

चौकजवळच्या इर्शाळगडाविषयी विचारलंयस. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकरांची ती वाडी गाडली गेली. गडावर जाणारे तिथल्याच अंगणांतून जायचे, तिथेच चहा प्यायचे. इतक्यात तिथे जाऊ नकोस. पुढे कधी गेलास तर त्या जागी उभं राहून फोटो काढू नकोस.

वाड्यांमधून जाताना गाणी बंद, आवाज खाली. वाट विचारायची ती ‘मामा’, ‘मावशी’ म्हणून, आणि ‘किती वेळ लागेल’ असं कधी विचारू नये. त्यांचा अर्धा तास म्हणजे तुझा दीड तास. त्यापेक्षा ‘पुढे पाणी कुठे आहे’ हे विचार, त्याचं उत्तर पक्कं मिळतं. वाटेत कुणी ताक, करवंदं, काकडी विकायला बसलं असेल तर घे, आणि घासाघीस करू नकोस. तू शनिवारी ज्या चढावर हौसेने घाम गाळतोस, तो त्या बाईने टोपली डोक्यावर घेऊन चढलेला असतो. वाटाड्या घेतलास तर पैसे आधी ठरव आणि जेवणाचा डबा त्याच्यासाठीही घे. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, झाडाच्या फांदीला न बघता हात लावू नकोस. इकडे हिरवा चापडा साप पानांत बसलेला दिसत नाही.

दिवाळीनंतर मी येतेय. गार्बेट माझ्या गुडघ्यांना झेपेल, पेबच्या लोखंडी शिड्या झेपायच्या नाहीत. भिवपुरीला उजाडता पोचवणारी लोकल कितीची आहे तेवढं बघून ठेव, आणि आईला फोन कर.

तुझी,
मावशी